राष्ट्रीय महत्त्व (ग्रीन कार्ड, एनआयडब्ल्यू)

अमेरिकेत ईबी-२ ग्रीन कार्डासाठी (उच्च पदवी किंवा असाधारण क्षमता असणाऱ्यांच्या प्रकारासाठी) एरवी कंपनीची जॉब ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन, म्हणजे त्या कामासाठी योग्य अमेरिकी माणूस मिळत नाही असा सरकारी दाखला, लागतो. देशहितासाठी हे दोन्ही माफ करा, अशी मागणी अर्जात केली जाते (अर्ज माणूस स्वतःही करू शकतो) तेव्हा त्याला नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (एनआयडब्ल्यू) म्हणतात, आणि त्यात आपल्या कामाला 'राष्ट्रीय महत्त्व' आहे हे दाखवावं लागतं. सवलत १९९० च्या कायद्यातली, पण देशहित म्हणजे काय याची व्याख्या ना कायद्यात ना नियमांत, त्यामुळे अर्थ निकालांतूनच घडत गेला.

असा पहिला मोठा निर्णय १९९८ चा. त्यात अर्जदार न्यूयॉर्क राज्याचं परिवहन खातं होतं आणि ज्याच्यासाठी अर्ज होता तो पुलांचं काम करणारा इंजिनियर. तेव्हाचा शब्द होता 'फायदा देशव्यापी हवा'. डिसेंबर २०१६ मध्ये धनासर निर्णयाने ती चौकट रद्द केली आणि 'राष्ट्रीय महत्त्व' हा शब्द आणला. जुना निकष नकाशावरचा आणि नवा परिणामाचा, असं सर्रास लिहिलं जातं, आणि जुन्या शब्दाचा अर्थ भूगोलापुरता लावला जाण्याचा धोका होता असं धनासरमध्येही म्हटलंय. पण एका राज्याचे पूल देशाच्या रस्त्यांना जोडलेले आहेत म्हणून तो मुद्दा १९९८ मध्येही मान्यच झाला होता, अर्ज पडला तो तिसऱ्या निकषावर, म्हणजे सर्टिफिकेशनची अट का सोडायची हे पटलं नाही म्हणून. त्यामुळे बदल झाला तो मुख्यतः शब्दांत आणि भर कशावर द्यायचा यात, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

धनासरमधला अर्जदार एरोस्पेसचा संशोधक आणि शिक्षक. त्याचं हायपरसॉनिक प्रोपल्शनवरचं (ध्वनीच्या कितीतरी पट वेगाच्या इंजिनांवरचं) संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं, शिकवणं मात्र नाही, कारण ते मोलाचं असलं तरी त्याचा परिणाम त्याच्या विद्यार्थ्यांपलीकडे, एकूण विज्ञान शिक्षणावर कसा होणार हे कागदपत्रांत नव्हतं. माणूस तोच, डिग्र्या त्याच, तरी दोन कामांना दोन उत्तरं, आणि बहुतेकांची गल्लत नेमकी इथेच होते: क्षेत्र महत्त्वाचं आहे किंवा आपण हुशार आहोत हे सांगण्यात पानंच्या पानं जातात, पण तपासलं जातं ते पुढे करायचं ठरवलेलं ठराविक काम. 'सायबर सिक्युरिटी देशाला हवी आणि मी त्यात आहे' एवढं पुरत नाही. कंपनीचा कोड वेगवेगळ्या क्लायंटसाठी बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनियरला हे दाखवणं जड जाईल, असं युएससीआयएसच्या (हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या) मार्गदर्शनातच आहे, आणि पुण्याहून गेलेल्या कितीतरी जणांचं रोजचं काम तेच असतं म्हणून हे अर्ज करायच्या आधीच माहीत असायला हवं.

मागासलेल्या भागात रोजगार निर्माण होणार असेल तर स्थानिक कामही चालतं. २०२२ मध्ये स्टेम क्षेत्रं (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) आणि उद्योजकांबद्दल, जानेवारी २०२५ मध्ये एकूण पुराव्यांबद्दल मार्गदर्शन आलं. कला आणि संस्कृतीच्या कामांबद्दल त्या मानाने कमी लिहिलं गेलंय.

आय-१४०, म्हणजे वेव्हरची मागणी ज्यात असते तो अर्ज, मंजूर झाला तरी भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची रांग तीच, वर्षानुवर्षांची. वेव्हरने ती कमी होत नाही, फक्त प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मिळते.