प्रतिकार प्रमाणाबाहेर गेला म्हणजे खूनच?

‘स्वसंरक्षणात हात जरा जास्त पडला, की खुनाचाच गुन्हा’ हा जुना समज चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मधला दुसरा अपवाद नेमका यासाठीच आहे. बचावाचा हक्क खरोखर निर्माण झालेला असावा, तो सद्भावनेने वापरलेला असावा, पूर्वयोजना नसावी आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा इरादा नसावा. मग मर्यादा ओलांडून मृत्यू झाला तरी तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध (खुनापेक्षा कमी गंभीर गुन्हा) ठरतो. ही निर्दोष सुटका नाही, हे नीट लक्षात घ्या: कलम १०५ नुसार जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

प्रत्येक वार तोलूनमापून करावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. बचाव कोसळतो तो वेळेच्या मुद्द्यावर. हल्लेखोर निःशस्त्र होऊन पडला, धोका टळला, की कलम ४० प्रमाणे शरीररक्षणाचा हक्कही संपतो. त्यानंतरचा वार सूड मानला जातो, आणि तिथे हा अपवाद उपयोगी पडत नाही.