डाउनस्टेजिंग (यकृताचा कर्करोग)

यकृताच्या स्वतःच्या पेशींत सुरू झालेला कर्करोग (हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा) प्रत्यारोपणाच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला असेल, तर आधी उपचार करून तो मर्यादेत आणायचा आणि मगच यकृत बदलायचे, या पद्धतीला डाउनस्टेजिंग म्हणतात. मर्यादेत असलेली गाठ प्रतीक्षायादीच्या काळात वाढू नये म्हणून तेच उपचार दिले, तर ते ब्रिजिंग.

ही मर्यादा म्हणजे मिलान निकष. पूर्वी मोठ्या गाठी असलेल्यांनाही यकृत बसवत आणि अनेकांत रोग उलटे. १९९६ मध्ये मिलानच्या व्हिन्चेन्झो मात्साफेर्रो आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवरून दाखवले, की गाठ एकच आणि ५ सेंमीपर्यंत असेल, किंवा तीनपर्यंत गाठी व प्रत्येक ३ सेंमीच्या आत असेल, आणि रोग रक्तवाहिन्यांत वा यकृताबाहेर शिरलेला नसेल, तर चार वर्षांनी सुमारे ७५ टक्के रुग्ण हयात असतात.

सर्वाधिक वापर केमोएम्बोलायझेशनचा (टेस) होतो. निरोगी यकृताला बहुतांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते. गाठ मात्र जवळजवळ सर्वस्वी यकृताच्या धमनीवर पोसते. हा फरकच उपचाराचा आधार आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गाठीकडे जाणाऱ्या फांदीपर्यंत सरकवतात, डॉक्सोरुबिसिनसारखे औषध लिपिओडॉल या तेलकट द्रव्यात मिसळून सोडतात आणि ती फांदी बंद करतात. नंतर काही दिवस ताप, मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणे सहन करावे लागते. सिरोसिसने (यकृतावर व्रण पडून ते कडक होण्याने) यकृत फारच खचले असेल, कावीळ किंवा जलोदर असेल, तर हा उपचार झेपत नाही. यट्रियम-९० चे किरणोत्सारी कण, मायक्रोवेव्हने गाठ जाळणे, नेमका किरणोपचार हेही मार्ग आहेत. इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध चेतवणाऱ्या औषधांचा) उपयोग वाढतो आहे. पण तिचा परिणाम शरीरात टिकून असताना नवे यकृत नाकारले जाण्याचा धोका असतो, म्हणून मध्ये अंतर ठेवतात.

उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये फक्त गाठीचा जिवंत भाग मोजतात. ६ सेंमीची गाठ दिसायला तेवढीच राहील, पण धमनीतून आलेल्या रंगद्रव्याने तिचा २ सेंमीचाच भाग उजळला, तर ती २ सेंमीची धरतात. रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे या कर्करोगात अनेकदा वाढणारे प्रथिन, हेही पाहतात: अमेरिकेच्या नियमानुसार ते मिलिलिटरमागे १,००० नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर आधी ५०० च्या खाली यावे लागते.

यानंतरचे थांबणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पद्धतीत किमान तीन महिने वाट पाहतात. आक्रमक रोग बहुधा या काळात पुन्हा डोके वर काढतो आणि प्रत्यारोपण टळते. इटलीतल्या २०२० च्या चाचणीत डाउनस्टेजिंग यशस्वी झालेल्यांपैकी प्रत्यारोपण झालेल्या गटात पाच वर्षांचे जगण्याचे प्रमाण ७७.५ टक्के होते, तर इतर उपचारांच्या गटात ३१.२ टक्के. ४५ जणांचीच चाचणी, पण तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

भारतात बहुतेक वेळा घरातलेच कोणी यकृताचा भाग देते. मृत दात्याच्या यकृतासाठी यादीतली वाट आपोआप घडते. इथे ती ठरवून पाहावी लागते. मुलगा किंवा बायको तयार असताना थांबायला सांगणे कुटुंबाला जड जाते, पण रोग उलटला तर निरोगी दात्याने पत्करलेली जोखीमही वाया जाते. म्हणून दात्याच्या तपासण्या या काळात उरकून घेता येतात, शस्त्रक्रियेची तारीख मात्र पुढच्या स्कॅनवर ठरवावी लागते.