पार्श्वभूमी : अभयारण्यात बोअर, कागदावर ‘शोध’

कोयना धरणाच्या परिसरात गोठणे इथे २०१६ च्या अखेरीस बोअरचे अजस्र यंत्र उभे राहिले आणि २०१७ च्या मध्यापर्यंत त्याने सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले. असला मनोरा आपल्याकडच्या लोकांनी तोवर समुद्रातल्या तेलविहिरींच्या बातम्यांतच पाहिलेला. ‘कोयनेला तेल लागलंय म्हणे’ हे वाक्य मी त्या काळात कराडच्या एसटी स्टँडवर ऐकले आहे. तेल लागले नव्हते आणि लागण्यासारखेही काही नव्हते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या मोठ्या भूकंपानंतर या खोऱ्यात धक्के बसायचे थांबलेले नाहीत. ते जिथे जन्म घेतात तेवढ्या खोलीवर उतरून मोजमाप करायचे, यासाठी केंद्र सरकारने हाती घेतलेले ते काम होते. त्या बोअरमध्ये वरून सुमारे सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत काळा पाषाण लागला आणि त्याच्या तळाशी थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना कठीण खडक. मध्ये गाळाचा थर नाही. तेल गाळाच्या खडकात तयार होते, म्हणून कोयनेपुरता प्रश्न तिथेच मिटतो.

तरीही त्या स्टँडवरच्या वाक्यात एक रास्त शंका होती. सरकारने राखलेल्या जंगलात उद्या कुणाला खरोखरच तेलासाठी भोक पाडायचे असेल, तर त्याला अडवणारा कायदा नेमका कोणता? उत्तर शोधायला गेले की हाताला लागतात ते दोन शब्द, ‘खाण’ आणि ‘शोध’. त्यातही दुसऱ्याने जास्त घोळ घातला आहे.

‘खाण’ या शब्दाचे आधी सांगतो. १९४८ साली देशात खाणी आणि खनिजांसाठी एकच कायदा झाला, तेलही त्यातच होते. १९५७ मध्ये दगडी कोळसा, लोखंड, बॉक्साइट वगैरेंसाठी नवा कायदा आला. त्याने ‘खनिज’ या शब्दाच्या व्याख्येतून खनिज तेल वगळले, आणि १९४८ चा जुना कायदा नाव बदलून फक्त तेलक्षेत्रांचा कायदा म्हणून उरला. म्हणजे तेल खनिजांच्या कायद्याबाहेर गेले, पण तेल काढायच्या परवान्याला ‘खाणपट्टा’ हेच नाव पुढे अडुसष्ट वर्षे चालू राहिले. त्याच वेळी कामगारांच्या सुरक्षेसाठी केलेला १९५२ चा खाण कायदा तेलविहिरीला सरळ खाण म्हणतो. जमिनीवरच्या तेलाचा पट्टा राज्य सरकार देते, तोही केंद्राच्या पूर्वसंमतीने, त्यामुळे सातबाऱ्यासारखे एका नावावर बोट ठेवता येत नाही. एकच विहीर एका कायद्यात खाण, दुसऱ्यात खनिजच नाही, आणि तिसऱ्यात खाणपट्टा असलेली पण खाण नसलेली.

कायद्याच्या अभ्यासकांपुरता हा घोळ राहिला असता तर मी त्यावर शाई खर्च केली नसती. पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांभोवती एक किलोमीटरचा पट्टा खाणकामापासून मोकळा ठेवायला सांगितले. ३ जून २०२२ च्या आदेशात किमान एक किलोमीटरचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र सगळीकडे सक्तीचे केले. त्यावर देशभरातून ओरड झाल्यावर २६ एप्रिल २०२३ ला तो आदेश सैल केला, मात्र उद्याने, अभयारण्ये आणि त्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटर इतक्या भागात खाणकाम चालणार नाही हे कायम ठेवले. आपल्याकडच्या घरबांधणी आणि रिसॉर्टच्या वादात ही शेवटची ओळ झाकली गेली. ती फार महत्त्वाची ओळ आहे, आणि तिचा सगळा भार ‘खाणकाम’ या एका शब्दावर आहे.

कोयना आणि चांदोली या दोन्ही जंगलांना अभयारण्याचा दर्जा १९८५ चा. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एकूण १,१६५ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ६०० चा. अभयारण्यग्रस्त म्हणजे काय हे शिराळा, पाटण, जावळीत कुणाला विचारावे लागत नाही. गाभ्यातून उठलेल्या माणसाला जुन्या गावातल्या देवाला नारळ वाढवायला जायचे तरी गेटवर नाव सांगावे लागते. म्हणून इथल्या वाचकाने पुढचा भाग सावकाश वाचावा.

‘शोध’ हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे. आधी जमिनीत काय आहे ते पाहू, काढायचे की नाही ते नंतर ठरवू, असा त्याचा सूर असतो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत मात्र तेलाचा शोध, विकास आणि उत्पादन ही तिन्ही कामे एकाच, सर्वांत कडक वर्गात होती. केंद्राकडून मंजुरी, पर्यावरणावरच्या आघाताचा सविस्तर अहवाल, जनसुनावणी, सगळे लागे. १६ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने शोध त्यातून बाहेर काढला आणि ज्याला जनसुनावणी लागत नाही अशा खालच्या वर्गात टाकला. उत्पादन जिथे होते तिथेच राहिले. बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की शोधाच्या शंभर विहिरींतून मोजक्याच कामाच्या निघतात, मग प्रत्येक विहिरीसाठी वर्ष दोन वर्षे कशाला घालवायची. हे म्हणणे खोटे नाही. पण शोधाची विहीर म्हणजे सुईचे टोक नव्हे. रस्ता लागतो, सपाट केलेला चौथरा लागतो, डिझेलची जनित्रे रात्रंदिवस चालतात, चिखलाचे तळे खोदावे लागते. गोठण्याच्या बोअरला जे लागले तेच तेलाच्या शोधालाही लागते. जंगलाच्या दृष्टीने शोध आणि उपसा यांतला फरक पहिल्या सहा महिन्यांत काही उरत नाही.

पुढची पायरी २०२३ ची. वनसंवर्धनाचा १९८० चा कायदा त्या वर्षी बदलला, नावासकट. कोणत्या अटींवर सर्वेक्षण, पूर्वेक्षण आणि शोध हे ‘वनेतर काम’ मानायचे नाही, ते ठरवायचा अधिकार केंद्राला मिळाला. भूकंपलहरींचे सर्वेक्षण हा शब्द त्यात नाव घेऊन घातला आहे. जमिनीत सुरुंगाचे बार लावून किंवा जड गाड्यांनी जमीन हादरवून खालच्या थरांचा नकाशा काढायची ही पद्धत तेल शोधणाऱ्यांची रोजची आहे. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागतेच, ती सुटलेली नाही. अभयारण्याबाहेरच्या वनासाठी मात्र पहिले दार किलकिले झाले, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, असे वन बरेच आहे.

हे कुठे जाऊ शकते याचे उदाहरण आसामचे. मे २०२० मध्ये दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखालच्या सात विहिरींना पर्यावरण मंजुरी मिळाली. मनोरा उद्यानाबाहेर आणि विहीर जमिनीखालून तिरकी आत, अशी ती पद्धत. त्याच महिन्याच्या २७ तारखेला त्याच भागातल्या बागजान इथली एक चालू विहीर फुटली, ९ जूनला तिने पेट घेतला, आग विझवणारे दोन कर्मचारी गेले आणि विहीर पूर्ण ताब्यात यायला नोव्हेंबर उजाडला. शेजारच्या पाणथळ भागात तेल पसरले. २०२४ च्या अखेरीस त्याच राज्यात जोरहाटजवळच्या गिबन या शेपटी नसलेल्या वानरांच्या अभयारण्यालगत, संवेदनशील क्षेत्रातल्या साडेचार हेक्टर वनजमिनीवर शोधविहिरीला केंद्रीय समितीने होकार दिला. व्यापारी उपसा तिथून करणार नाही, फक्त शोध, असे आश्वासन घेऊन. पाहायचे, पण घ्यायचे नाही. मग तेल सापडले तर पाहण्यावर झालेल्या खर्चाचे काय, हा प्रश्न त्या होकाराच्या पुढे उभाच आहे.

आणि २०२५. डिसेंबर २०२४ मध्ये राज्यसभेने आणि मार्च २०२५ मध्ये लोकसभेने तेलक्षेत्रांच्या १९४८ च्या कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. ‘खाणपट्टा’ गेला, ‘पेट्रोलियम पट्टा’ आला. खनिज तेलाच्या व्याख्येत कोळशाच्या थरातला वायू आणि शेल या गाळाच्या खडकातले तेल-वायू शिरले. नियमभंगाला असलेली सहा महिन्यांपर्यंतची कैद निघाली, तिच्या जागी २५ लाखांपर्यंतचा दंड आला. पेट्रोलियमचे काम खाणकामापासून वेगळे करायचे हा हेतू सरकारने उघड सांगितला होता, आणि गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिले तर ती साफसफाईच आहे. पण अभयारण्याभोवतीच्या त्या एका किलोमीटरचे कुंपण ‘खाणकाम’ या शब्दाचे आहे. तेलविहीर खाण नाही असे एका कायद्याने ठासून म्हटले, तर उद्या कुणी वकील ते वाक्य घेऊन न्यायालयात उभा राहील. १९५२ चा खाण कायदा तेव्हा दुसऱ्या बाजूच्या हातात असेल. माझ्या मते तोच कायदा बरोबर आहे. विहिरीवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी जी खाण आहे, ती गव्याच्या आणि शेकरूच्या जिवासाठीही खाणच असली पाहिजे.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची गोष्ट याला लागूनच आहे. पहिल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०११ चा, दुसऱ्या समितीचा २०१३ चा, आणि अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे. ३१ जुलै २०२४ चा सहावा. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर येते, आणि सातारा-सांगलीतली डोंगराकडची गावेही. बंदीच्या यादीत खाणकाम आहे, दगडखाणी आहेत, वाळूउपसा आहे, औष्णिक वीज आणि लाल वर्गातले, म्हणजे सर्वांत प्रदूषण करणारे, उद्योग आहेत. तेलविहिरीतून उपसा हा लाल वर्गात मोडतो, म्हणून तो अडेल. तेलाचा शोध मात्र त्या यादीत नाव घेऊन कुठेही लिहिलेला नाही.