हुर्राक म्हणजे पातळ फेणी नव्हे

हुर्राक आणि फेणी, गोव्याच्या या दोन्ही दारू दिसायला पाण्यासारख्या नितळ. दोन्ही काजूच्या बोंडूतून, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळातून येतात, त्याच भट्टीवर, त्याच माणसाच्या हातून. त्यामुळे एप्रिलात गोव्यात आलेला पाहुणा हुर्राकाचा पेला तोंडाला लावून “फेणी अगदी हलकी आहे हो” म्हणतो आणि टेबलावरचे गोंयकार एकमेकांकडे बघतात. उलटा घोळही होतो. हुर्राकाला सरावलेला माणूस त्याच अंदाजाने फेणी ओतून घेतो, आणि पुढची संध्याकाळ त्याला कुणीतरी दुसऱ्या दिवशी सांगावी लागते.

पुण्या-मुंबईकडे बहुतेकांचा समज असा की फेणी ही खरी चीज आणि हुर्राक हा तिचा स्वस्त, पाणी मारलेला भाऊ. हे साफ चूक. का चूक, ते कळायला भट्टीपर्यंत जावं लागतं.

काजू गोव्यात पोर्तुगीजांनी आणला, ब्राझीलहून, सोळाव्या शतकात. बी सुकवून वर्षभर ठेवता येते, बोंडू मात्र दुसऱ्या दिवशीच काळवंडतो. तो लांब बाजारात नेऊन विकणं जमत नाही, म्हणून जिथे बाग तिथेच भट्टी. जाणते लोक बोंडू झाडावरून ओरबाडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलाच उचलतात, टोकाला खिळा मारलेल्या काठीने, म्हणजे दर वेळी वाकायला नको. बी पिरगाळून बाजूला काढली की बोंडू जातात कोळंबीत. ही मासळीतली कोळंबी नव्हे. डोंगरउतारावर कातळात खोदलेला उथळ हौद. त्यात बोंडू पायांनी तुडवायचे. हल्ली बऱ्याच ठिकाणी पिळायचं यंत्र आलंय, पण जुन्या कोळंब्या अजून वापरात आहेत.

तुडवून झाल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग करून तो वेलीने आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. रात्रभर त्यातून जो रस ठिबकतो तो निरो. निरो गोड असतो, किंचित तुरट, आणि सकाळच्या गारव्यात प्यावा. ऊन चढलं की तो आंबू लागतो. त्यात दारू नसते, त्यामुळे पोरंसोरंही पितात. माझ्या मते सगळ्या प्रकरणात उत्तम चीज हीच, पण ती बाटलीत भरून शहरात नेता येत नाही म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही.

तुडवलेला रस मडक्यांत किंवा पिंपांत दोन-तीन दिवस ठेवतात. साखर नाही, विकतचं यीस्ट नाही. फळावर मुळातच असलेलं यीस्ट आणि एप्रिलचा उकाडा, एवढ्यावर काम होतं. फेस बसला की रस तयार. इथवर हुर्राक आणि फेणी यांच्यात काडीचा फरक नाही.

आता भट्टी. खाली विस्तव, वर भाण, म्हणजे पूर्वी मातीचं आणि आता बहुधा तांब्याचं मोठं भांडं. त्यात आंबलेला रस. भाणाच्या तोंडातून एक नळी निघून बाजूच्या मडक्यात जाते; त्या मडक्याला लावणी म्हणतात. लावणीवर सतत गार पाणी ओतत राहायचं, म्हणजे आत आलेली वाफ थंड होऊन पुन्हा थेंब होते. आधुनिक भट्टीत लावणीच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी असते. तत्त्व एकच. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांच्या जरा वर उकळतं, पाणी १०० अंशांना. मिश्रण या दोहोंच्या मधे कुठेतरी उकळतं, आणि त्याच्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण मूळ रसापेक्षा जास्त असतं. पण फक्त अल्कोहोल वर जातं आणि पाणी खाली राहतं, असं मुळीच नाही. पाणीही जातं, फळाचा वासही जातो, आंबटपणाही थोडा जातो. म्हणून एकदा गाळून कडक दारू मिळत नाही. मिळतो तो हुर्राक.

म्हणजे हुर्राक हे पहिलं गाळप. त्यात कुणी पाणी घातलेलं नसतं; तो तेवढाच असतो.

फेणीसाठी हा हुर्राक पुन्हा भाणात जातो, बहुतेकदा नव्या आंबलेल्या रसात मिसळून. जुन्या पद्धतीत या दुसऱ्या गाळपाला काझुलो म्हणत, आणि काझुलो तिसऱ्यांदा हुर्राकाबरोबर गाळला की फेणी. तीन वेळा गाळायला लाकूड लागतं, माणसं लागतात, आणि दर खेपेला हाताशी येणारा माल कमी होतो. त्यामुळे आता बहुतांश फेणी दोनदाच गाळलेली असते. जुन्या जाणत्याला विचाराल तर तो म्हणेल, तुम्ही पिताय तो काझुलो. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण बाजाराने ते कधीच मागे टाकलंय.

इथे एक शंका हमखास येते. फेणीत पाणी घालून तिची तीव्रता हुर्राकाएवढी आणली, तर तो हुर्राकच झाला ना? नाही. दुसऱ्या गाळपात फक्त पाणी कमी होत नाही. पहिल्या खेपेला वाफेबरोबर आलेले जड घटक आणि आम्लं बऱ्याच अंशी भाणाच्या तळाशी राहतात, तर वासाचे काही हलके घटक दाट होऊन पुढे येतात. भट्टीवाला सुरुवातीची धार आणि शेवटची धार यांत कुठे थांबायचं हेही ठरवतो, आणि त्या निर्णयावर फेणीचा स्वभाव ठरतो. म्हणजे फेणी म्हणजे निवडून घेतलेला भाग. नंतर वरून पाणी घातलं तर पाणीच परत येतं. तळाशी सोडून दिलेलं बाकीचं काही परत येत नाही. घरी दोन पेले शेजारी ठेवून बघा. हुर्राकाला पिकलेल्या बोंडूचा, थोडा आंबूस, ओला वास असतो. पाणी घातलेल्या फेणीला फेणीचाच वास येतो, फक्त दुरून.

या वासाबद्दल बाहेरच्या लोकांची तक्रार असते. फेणीचा वास उग्र असतो हे खरंच. पण खोलीभर पसरणारा, दुसऱ्या दिवशी शर्टाला येणारा वास बऱ्याचदा घाईत, शेवटची धार न सोडता काढलेल्या मालाचा असतो. नीट काढलेल्या फेणीचा वासही जोरकस असतो, पण त्यात फळ ओळखू येतं.

आता मोजमाप, कारण सर्वांत महागडा गैरसमज इथे आहे. गावात तीव्रता ग्रावमध्ये सांगतात. हे पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं माप, काचेचं तरंगतं मापक द्रवात सोडून वाचायचं. फेणी १८ ते २० ग्राव, हुर्राक १४-१५ ग्राव, असं सहज बोललं जातं. ग्राव म्हणजे टक्का नव्हे. बाटलीबंद फेणीवर साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल छापलेलं असतं; म्हणजे १८-२० हा आकडा टक्क्यांच्या जवळपासही नाही. तरीही हुर्राकाचे १५ ग्राव ऐकून लोक १५ टक्के धरतात, म्हणजे वाइनपेक्षा जरासा वर, आणि मग लिंबू सरबतासारखा रिचवतात. भट्टीवरून थेट आलेला हुर्राक त्याहून बराच कडक असू शकतो, आणि दर घराचा वेगळा असतो. हलका आहे तो फेणीच्या मानाने, एवढंच.

फेणी आणि हुर्राक पिण्याची रीत वेगळी आहे ती यामुळेच. हुर्राक उंच पेल्यात, लिम्का, मीठ, लिंबाची फोड आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून, दुपारी. मिरची शोभेची नसते. तिखटाचा झणका त्या आंबूस गोडीला धरून ठेवतो. फेणी छोट्या मापाने, सावकाश, रात्री जेवणाआधी. सोडा आणि लिंबू चालतं, कोकमही चालतं. दुकशिरी नावाचा एक प्रकार आहे, त्यात मुळ्या फेणीत मुरवतात आणि रंग तांबूस होतो. ज्यांना साध्या फेणीचा वास झेपत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. सर्दीला फेणी, पोटदुखीला फेणी, अंग चोळायला फेणी, हे घरोघरी ऐकू येतं. चोळायला काही हरकत नाही.

टिकण्याचं बघा. फेणी काचेच्या मोठ्या गराफांवमध्ये वर्षानुवर्षं राहते आणि ठेवल्याने मवाळ होते. लाकडाच्या पिंपात घालण्याची परंपरा नाही, म्हणून रंग येत नाही. हुर्राकाला हे भाग्य नाही. त्यातला फळाचा ताजेपणा काही आठवड्यांत उतरू लागतो आणि मग उरतं ते नुसतं आंबट-कडू पाणी. म्हणून तो मार्चपासून मे महिन्यापर्यंतच, पावसाच्या आत संपवायचा. उरलेला भट्टीवाला स्वतःच पुन्हा गाळून फेणी करतो.

कागदावरही दोघांची जागा वेगळी. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते काजू फेणीला. माडाच्या सुरेपासूनची फेणी काजूपेक्षा जुनी, दक्षिण गोव्यात रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, ती अजून काढतात, पण ती त्या मानांकनात नाही, हुर्राकही नाही. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला, कारण तोवर ती कायद्याने ‘देशी दारू’त मोडत होती आणि गोव्याबाहेर विकणं जवळजवळ अशक्य होतं. घराच्या मागे भट्टी दिसली म्हणजे ती कुणाचीही हौस असेल असं मात्र समजू नये. काजूच्या बागांचे विभाग पाडून दरवर्षी अबकारी खात्यातर्फे लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात, आणि भट्टीला परवाना लागतो.

सीमेच्या अलीकडे, दोडामार्ग-सावंतवाडीत, तीच झाडं, तोच बोंडू, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ सारख्या इथल्याच संशोधन केंद्राच्या जाती, पण १९४९ चा दारूबंदी कायदा. त्यामुळे सिंधुदुर्गात बोंडू मोठ्या प्रमाणावर बागेतच कुजतो किंवा टेम्पोत बसून गोव्याला जातो. बी विकून शेतकऱ्याला मिळतं ते मिळतं. फळाचा पैसा सीमेपलीकडे होतो. हे मला वर्षानुवर्षं खुपत आलंय, पण तो वेगळा विषय.

परदेशात राहणारे मराठी मित्र अधूनमधून विचारतात की घरी करून बघता येईल का. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं गाळायला परवानगी आहे, तिथे हा रीतसर छंद आहे. अमेरिकेत घरी बिअर करणं १९७८ च्या कायद्याने मोकळं झालं, गाळणं मात्र केंद्रीय कायद्याने गुन्हा राहिला, आणि तो वाद अलीकडे न्यायालयात गेलाय. भारतात परवान्याशिवाय गाळणं हा सरळ गुन्हा. लोक धरून चालतात की घरची भट्टी म्हणजे आंधळं करणारी दारू. फळाच्या रसात मिथेनॉल नैसर्गिकरीत्या थोडंफार तयार होतं हे खरं, पण २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली ती कुणाच्या फळांच्या भट्टीमुळे नव्हे, तर दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. घरच्या भट्टीचा रोजचा धोका वेगळाच असतो: बंद खोलीत पेटता विस्तव आणि त्याशेजारी पेट घेणारी वाफ. गोव्यात भट्टी उघड्या मांडवात असते ते उगीच नाही.

विकत घेताना ओळखायचं कसं? रंगाने नाहीच ओळखता येणार. बाटली हलवून बुडबुडे बघायची जुनी रीत आहे. तीव्रता जास्त तसे बुडबुडे वेगळे वागतात. पण त्यासाठी आधी शंभर बाटल्या हलवलेल्या असाव्या लागतात. सोपी खूण म्हणजे महिना. मार्च ते मे मध्ये, पाण्याच्या जुन्या बाटलीत, लेबल नसलेला, ओळखीच्या भट्टीवरून आलेला माल बहुधा हुर्राक असतो, आणि त्याची विचारपूस करावी ती भट्टी कुठली याची, किमतीची नंतर. परवानाधारक दुकानातल्या लेबलाच्या बाटलीवर तीव्रता छापलेली असते, ती वाचावी. आणि डिसेंबरात, पर्यटकांच्या ऐन गर्दीत, कुणी “एकदम ताजा हुर्राक, आजच काढला” म्हणून पुढे केला, तर त्याला विचारावं, बोंडू कुठल्या झाडाचा.