जीवनचिंतनपर गीत

जगण्यातून कमावलेले शहाणपण थोड्या शब्दांत आणि चालीवर म्हणता येईल अशा रीतीने सांगणाऱ्या गीताला मराठीत जीवनचिंतनपर गीत म्हणतात. ओवी, अभंग, फटका (शाहिरांचे तालावर म्हणायचे उपदेशपर काव्य) किंवा गझल यांसारखा हा वेगळा रचनाबंध नाही. या सगळ्या प्रकारांतून वाहत आलेला तो आशयाचा एक प्रवाह आहे. असे गीत ओळखण्याची खूण सोपी आहे. त्यातली एखादी ओळ गाण्यातून सुटी होते आणि रोजच्या बोलण्यात येऊन बसते. नव्या संसाराला कंटाळलेल्या मुलीला घरातले मोठे माणूस ‘आधी हाताला चटके’ एवढेच म्हणते आणि पुढचे न सांगता तिला कळते. ही ओळ कोणाची, हे म्हणणाऱ्याला अनेकदा ठाऊकही नसते.

मराठीतली अशी टिकलेली गाणी एकापुढे एक ठेवली, तर ती बहुधा एखाद्या हाताळलेल्या वस्तूपासून सुरू होताना दिसतात. जाते, तवा, धागा, मडके, तिजोरी अशी ती वस्तू असते आणि विचार तिच्या मागून येतो. ज्या गाण्यांत विचार आधी आला आणि वस्तू नुसती उदाहरणापुरती राहिली, ती सुभाषितासारखी पाठ झाली खरी, पण अडचणीच्या वेळी आपणहून ओठांवर आली नाहीत.

ओवी, अभंग, फटका

या प्रवाहाचा सर्वांत जुना झरा जात्यावर आहे. पहाटे दळताना बायकांनी म्हटलेल्या ओव्यांत माहेर, सासर, भाऊ, लेक, कष्ट आणि विठ्ठल हे सारे एकत्र येते. खुंट्याला धरून दोघी समोरासमोर बसल्या, की जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी चालते. एक म्हणते, दुसरी पुढचा चरण उचलते. या ओव्यांना कर्त्रीचे नाव नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ज्या कामाच्या लयीत हे गाणे जन्मत होते, ते कामच गेले. संकलन झाले नसते, तर यातले फार थोडे हाती उरले असते.

संतांनी याच ओवीला आणि तिच्या जवळच्या अभंगाला ग्रंथाचे बळ दिले. चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ हा अभंग माणसाकडे कसे पाहावे हे सांगतो, तोही ज्याच्याकडे समाजाने वाकड्या नजरेनेच पाहिले, अशा माणसाच्या तोंडून. एकनाथांनी भारुडात विंचू आणला आणि काम-क्रोधाचे विष चढते कसे, हे जमलेल्या लोकांसमोर खेळून दाखवले. रामदासांच्या २०५ मनाच्या श्लोकांत ‘जगीं सर्व सूखी असा कोण आहे’ हा प्रश्न आहे आणि उत्तर शोधायचे काम ऐकणाऱ्याच्याच मनावर सोपवले आहे.

तुकारामांचा ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें’ हा अभंग सगळे पाठ म्हणतात, पण बहुतेक जण पहिल्याच ओळीवर थांबतात. खरी गंमत पुढे आहे. ‘नेलें रात्रीनें तें अर्धें । बाळपण जराव्याधें’ असे म्हणत तुकोबा आयुष्याचा चक्क हिशोब मांडतात. अर्धे आयुष्य झोपेत गेले, उरलेल्यातून बालपण, म्हातारपण आणि आजार वजा झाले. मग शिल्लक किती राहिली, ते आपण बघायचे. घरात वाण्याचे दुकान असलेल्या माणसाचीच ही भाषा आहे. जव हा एक दाणा, तो एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात डोंगर. शेवटी घाण्याला जुंपलेला बैल येतो आणि अभंग तिथेच थांबतो.

पेशवाईच्या काळात शाहिरांनी हाच आशय डफावर आणला. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) यांचा ‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडू नको’ हा फटका उघडउघड उपदेश आहे, तरीही तो शिळा झालेला नाही. त्यातला प्रत्येक ‘नको’ पाठीवर थाप पडावी तसा तालात येतो, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की सांगणारा व्यासपीठावर बसलेला नाही. चार गावे फिरलेला, चार चुका केलेला माणूस धाकट्याला बाजूला घेऊन बोलतो आहे, असा त्याचा सूर आहे. सोलापूरचे राम जोशी (१७६२–१८१२) यांनी ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी’ असे विचारत बाह्य सोंगाचा समाचार घेतला. शब्दांची इतकी दाट चळत रचूनही अर्थ कुठे अडखळत नाही, हे त्यांचे सामर्थ्य.

बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्या शाळेत गेल्या नाहीत, लिहायला-वाचायला शिकल्या नाहीत. शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी खानदेशातल्या लेवा गणबोलीत ओव्या रचल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी त्यातल्या काही टिपून ठेवल्या. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ मध्ये निघाला, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताले चटके, तव्हां मियते भाकर’ या ओळी संसार कठीण असतो एवढेच सांगतात, असे मानले जाते. भाकरी थापणाऱ्या हाताने वाचले, तर त्यांत आणखी काही सापडते. भाकरी तव्यावर टाकताना, वरून पाण्याचा हात फिरवताना आणि उलटताना हात दर वेळी आगीजवळ जातोच. सवय झाली तरी चटका चुकत नाही, फक्त तो किती वेळ सोसायचा हे हाताला कळते. म्हणजे इथे चटका ही कोणी केलेली शिक्षा नाही आणि भाकर हे बक्षीसही नाही. दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. ‘मियते’ या शब्दात ‘ळ’चा ‘य’ होतो. तो शहरी उच्चाराने ‘मिळते’ केला, की अर्थ राहतो, पण चूल विझल्यासारखी वाटते.

याच गाण्यात पुढे बहिणाबाई संसाराला खोटे म्हणू नये असे बजावतात. देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नये, तसे. संसार मिथ्या आहे असे शतकानुशतके ऐकवणाऱ्या परंपरेत, तीच परंपरा मनोभावे मानणाऱ्या एका बाईने घातलेली ही दुरुस्ती आहे. तरुणपणी वैधव्य आलेल्या, पदरात लहान मुले असलेल्या बाईला संसार खोटा म्हणणे परवडणारे नव्हते. माझ्या मते मराठी गीतांतील जीवनचिंतनाचा हा सर्वांत उंच क्षण आहे. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ ही त्यांची दुसरी ओळ तर मनावरच्या कितीतरी प्रवचनांना पुरून उरते. हाकललेले ढोर पुन्हा पिकाकडेच येते, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात वसंत पवार यांच्या चालींवर त्यांची गाणी आली आणि खानदेशाबाहेरच्या घरांत ती पोचली.

ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी

विसाव्या शतकात गाण्याला नवी मर्यादा पडली. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. त्यामुळे मुखडा आणि दोन-तीन अंतरे असा साचा पक्का झाला. कीर्तनकाराला तासभर मिळे, गीतकाराला बारा-चौदा ओळी. या काटकसरीने मराठी गीताचे भलेच केले. ध्रुवपद परत परत येते आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर तेच शब्द थोडे वेगळे ऐकू येतात. विचार पुढे नेण्याचे काम इथे युक्तिवादाकडे नसून पुनरावृत्तीकडे असते.

ग. दि. माडगूळकर

गदिमांनी (१९१९–१९७७) हा साचा सर्वांत खोलवर वापरला. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मधले ‘एक धागा सुखाचा, शंभर धागे दुःखाचे’ हे गीत तुकोबांच्या जवाचे आणि पर्वताचेच गणित आहे, पण पारडी काढून गदिमांनी माग आणला. त्याने अर्थ पालटला. पारड्यात सुख आणि दुःख समोरासमोर असतात. वस्त्रात ते एकमेकांत विणलेले असतात, त्यातला एक धागा ओढून काढला तर कापडच उसवते. आणि या कापडाला कवीने शब्द दिला आहे तो ‘जरतारी’. शंभर दुःखांच्या हिशोबानंतर येणारा हा एकच शब्द सगळ्या गाण्याचा तोल सांभाळतो. पुढे बालपणाची अंगडी, तारुण्याची रंगीत वस्त्रे आणि म्हातारपणाची जीर्ण शाल असा तीन वयांचा प्रवास कपड्यांच्याच भाषेत होतो. विणणारे हात मात्र कोणाला दिसत नाहीत.

‘प्रपंच’ (१९६१) मधल्या ‘विठ्ठला, तू वेडा कुंभार’मध्ये माग जाऊन चाक आले. इथे शांतपणे स्वीकार करण्याऐवजी तक्रार आहे. सगळी मडकी तूच घडवतोस, मग एकाच्या तोंडी लोणी आणि दुसऱ्याच्या तोंडी अंगार का, असे विचारून गाणे उत्तराशिवाय संपते. देवाशी भांडण्याचा हक्क मराठी भक्तीत नामदेव-जनाबाईंपासून आहे, आणि सुधीर फडके यांच्या आवाजात ते भांडण आरतीइतके आपले वाटते.

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त ५६ गीते आहेत. ‘पराधीन आहे जगतीं पुत्र मानवाचा’ हे त्यांपैकी जीवनचिंतन म्हणून सर्वांत जास्त ऐकले जाणारे. आज ते बहुधा शोकाच्या प्रसंगी लावले जाते, त्यामुळे त्याचा मूळ प्रसंग मागे पडला आहे. चित्रकूटावर भरत आला आहे आणि तो आईला दोष देतो आहे. राम त्याला सांगतो, की यात कैकयीचा दोष नाही, वडिलांचाही नाही. सगळा नियतीचा सिद्धांत उभा राहतो तो एका मुलाच्या मनात आईबद्दल कायमचा राग राहू नये म्हणून. समुद्रात दोन ओंडक्यांची गाठ पडते आणि लाट त्यांना वेगळे करते, ही प्रतिमा वाल्मीकि रामायणातच आहे. ‘यथा काष्ठं च काष्ठं च’ असा तो श्लोक. गदिमांनी काष्ठाचे ‘ओंडके’ केले, आणि त्या जड, खडबडीत शब्दाने श्लोकाला मराठी अंग आले.

इतर गीतकार

जगदीश खेबूडकर (१९३२–२०११) यांचे ‘देहाची तिजोरी, भक्तीचाच ठेवा’ हे ‘आम्ही जातो आमुच्या गावा’ (१९७२) मधले गीत. या चित्रपटाची गोष्ट चोरांची आहे, म्हणून प्रार्थनेत तिजोरी येते, दार येते, चांदण्याची भीती येते. चोराला भिववणारा उजेड आणि भक्ताला हवा असलेला उजेड एकच, हे गाणे शब्दांचा कोणताही डौल न करता सांगून जाते. शाळांच्या प्रार्थनेत ते म्हणणाऱ्या मुलांना चोरांचा पत्ताही नसतो.

शान्ता शेळके (१९२२–२००२) यांच्या ‘काटा रुते कुणाला’ या नाट्यगीतात सांत्वन नाही. आपले दुःख इतरांना दुःख वाटतच नाही, कारण आपल्याला रुतले आहे ते फूल, एवढे ते नोंदवते. ज्यांना हे कधी झाले आहे, त्यांना जितेंद्र अभिषेकींच्या पहिल्या आलापापासून ते कळते.

सुरेश भट (१९३२–२००३) यांनी गझलेचा शेर मराठीत रुजवला. शेर दोनच ओळींचा आणि स्वतःत पूर्ण असल्यामुळे तो जीवनचिंतनाला फार सोयीचा. ‘इतकेच मला जाताना सरणावर कळले होते’ या शेरात पहिली ओळ कुतूहल वाढवते आणि दुसरी ओळ मरण सोडवणारे आणि जगणे छळणारे ठरवून मोकळी होते. गझल लिहिणाऱ्या नव्या मुलांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून वाटली. मंगेश पाडगावकर (१९२९–२०१५) नेमक्या उलट टोकाला उभे. यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा स्वर लाभलेले ‘या जन्मावर, या जगण्यावर शतदा प्रेम करावे’ हे गीत भाबडे आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यातला ‘करावे’ हा शब्द नीट ऐकला, तर तो आक्षेप टिकत नाही. प्रेम आपोआप होते असे कवी म्हणत नाही, ते करावे लागते असे म्हणतो.

स्वीकार आणि बदल

जीवनचिंतन म्हणजे नियतीपुढे मान तुकवणे, ही समजूत शाहिरी आणि आंबेडकरी जलशांच्या, म्हणजे आंबेडकरांचा विचार गाण्यांतून सांगणाऱ्या कार्यक्रमांच्या, परंपरेने मोडली. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांचे ‘जग बदल घालुनी घाव’ हेही जगावे कसे याचेच उत्तर आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि नंतर त्यांनी हजारो गीते रचली. ‘भीमा, तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ यात ते जमलेल्या अनुयायांनाच आरसा दाखवतात. भोवती गर्दी असताना पाच माणसे मागणे हे धैर्याचे काम आहे. भावगीतांच्या चर्चेत वामनदादांचे नाव फार क्वचित येते, आणि ही त्या चर्चेची मोठी उणीव आहे. ज्या घरांत त्यांची गाणी रात्रभर गायली गेली, तिथे कित्येकांचे पहिले पुस्तक तेच होते.

गीतकाराचे नाव

अभंगात ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा असल्याने कवी ओळीबरोबरच प्रवास करी. ध्वनिमुद्रित गीतात ती गेली आणि गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आकाशवाणीच्या निवेदनात गीत, संगीत आणि स्वर अशी तिन्ही नावे येत, म्हणून एका पिढीला गीतकार ठाऊक राहिले. आता मोबाइलवर फिरणाऱ्या ओळींखाली कधी चुकीचे नाव असते, कधी कोणतेच नसते. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘आयुष्यावर बोलू काही’ या कार्यक्रमात कवी स्वतः रंगमंचावर येऊन आपली कविता म्हणतो आणि संगीतकार शेजारी पेटीवर असतो.