वृद्ध रुग्णांतील शस्त्रक्रियेनंतरचे वेदनामूल्यांकन

शस्त्रक्रियेनंतर वयस्क रुग्णाला कुठे, किती आणि कसे दुखते व त्यामुळे त्याचे काय अडते, हे पाहून नोंदवण्याची पद्धत. वेदना मोजणारे यंत्र नाही. त्यामुळे रुग्णाचे स्वतःचे सांगणे हाच पहिला पुरावा मानला जातो. म्हातारपणी नेमका तोच पुरावा मिळवणे अवघड होते.

वय झाले की दुखणे बोथट होते, हा समज रुग्णालयांतही आढळतो. किंचित दुखणे वृद्धांना थोडे उशिरा जाणवू शकते, पण तीव्र आणि टिकून राहणारी वेदना सोसण्याची ताकद त्यामुळे वाढत नाही. अनेक जण विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कोणाला त्रास द्यायचा नसतो, कोणाला औषधाची सवय लागेल अशी भीती असते, तर कोणाला इतके दुखणे चालायचेच असे वाटते. ‘वेदना आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा रुग्ण ‘टाक्यांपाशी ठणकतंय का, ओढल्यासारखं होतंय का?’ असे विचारले की होकारार्थी मान हलवतो. प्रश्नापूर्वी चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर आहे ना, हे पाहावे. साधी बाब आहे, पण बहुधा तीच राहून जाते.

शून्य ते दहा अंकांची पट्टी सर्वत्र वापरतात. वृद्धांना मात्र ‘थोडे, मध्यम, फार’ अशी शब्दांची पट्टी अनेकदा सोपी जाते. कागदावरील सरळ रेषेवर खूण करण्याची पद्धत या वयात जास्त चुकते. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेले अनेक रुग्णही साधी पट्टी नीट वापरतात, म्हणून विसराळू आहे एवढ्यावरून विचारणेच सोडून देऊ नये. कोणतीही पट्टी घेतली तरी दरवेळी तीच वापरावी.

निश्चल पडलेल्या रुग्णाचा आकडा फसवा असतो. पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण स्तब्ध पडून ‘दोन’ म्हणतो. त्याला खोकायला सांगितले की हात टाक्यांवर जातो, श्वास मध्येच अडतो आणि आकडा सातवर जातो. निर्णयासाठी हा दुसरा आकडा महत्त्वाचा, कारण दुखते म्हणून खोल श्वास न घेणाऱ्याला न्यूमोनियाचा आणि अंथरुणातून न उठणाऱ्याला रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. म्हणून कुशीवर वळताना, बसताना, चालताना विचारणे आवश्यक असते.

बोलू न शकणाऱ्या रुग्णाचे वागणे पाहावे लागते. प्रगत स्मृतिभ्रंशासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पेनॅड’ पट्टीत श्वास, कण्हणे, चेहरा, देहबोली आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. एकूण गुण दहा असले, तरी त्यातले सहा म्हणजे रुग्णाने स्वतः सांगितलेले सहा नव्हेत. वेदना असावी एवढाच तो इशारा. नाडी आणि रक्तदाबावर विसंबता येत नाही, कारण बीटा-ब्लॉकरसारख्या, हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या औषधांनी नाडी फारशी वाढत नाही. घरच्या माणसाचे ‘हे नेहमीसारखे नाहीत’ हे वाक्य मात्र नोंदवण्याजोगे असते.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न संभ्रमावस्थेचा, म्हणजे डिलिरियमचा. न आवरलेल्या वेदनेने ती उद्भवू शकते, तशीच वेदनाशामकांनीही. रुग्ण नळ्या ओढतो, ओरडतो. कधी तुंबलेली लघवी हेच कारण निघते. उलट शांत, सुस्त प्रकारच्या संभ्रमात रुग्ण ‘आरामात’ असल्यासारखा दिसतो आणि दुर्लक्षिला जातो. खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्यांना, बौद्धिकदृष्ट्या सक्षम रुग्णांच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच मॉर्फिनसम औषध मिळाल्याचे दिसले. मोडलेले हाड दोघांचेही सारखेच दुखत असणार, हे उघड आहे.

केवळ आकडा खाली आणण्याचा हट्टही घातक ठरतो. वेदनेला नाडी, श्वास, तापमान आणि रक्तदाब यांच्या जोडीचे ‘पाचवे प्राणलक्षण’ मानण्याची १९९० च्या दशकातील अमेरिकी मोहीम ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनसम वेदनाशामकांच्या, अतिवापराला हातभार लावणारी ठरली, अशी टीका पुढे झाली. वृद्धांची मूत्रपिंडे मंदावलेली असल्यास मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठतात. शिरेतून औषध दिल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांनी आणि तोंडाने दिल्यावर तासाभराने पुन्हा पाहणी करतात. त्या वेळी वेदनेबरोबरच गुंगी आणि श्वासाची गती नोंदवली जाते. हाक मारल्यावर बोलता बोलता पुन्हा झोपी जाणाऱ्या रुग्णाने आकडा आठ सांगितला, तरी ओपिऑइडची पुढची मात्रा थांबवून आधी डॉक्टरांना कळवतात.