दोन्ही ‘पॉइंट टू टू’च, पण काडतूस एक नाही

वापरलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल (घोडा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं ती) बघायला गेलं की विकणारा सांगतो, ‘पॉइंट टू टू आहे’, म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या गोळीची, आणि घेणारा मान डोलावतो. खरं तर तिथेच विचारायला हवं, काडतूस कोणतं, लाँग रायफल की मॅग्नम?

दोन्ही काडतुसं तळहातावर शेजारी ठेवा. लाँग रायफलची पितळी पुंगळी जेमतेम १५.६ मिमी लांब, मॅग्नमची जवळपास २७. लाँग रायफलची गोळी पुंगळीइतकीच जाड असते आणि तिचा फक्त बारीक बूड आत बसतो. गोळी बहुधा शिशाची, वरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात दिलेला. पन्नासेक काडतुसं भरली की बोटं चिकट होतात. मॅग्नमची गोळी पुंगळीच्या तोंडात बसते, बहुतेक वेळा तांब्याच्या आवरणाची, म्हणून त्या पुंगळीचा व्यास थोडा मोठा.

हा ‘थोडा’ जेमतेम अर्धा मिलिमीटरही नाही, पण सगळा घोटाळा त्यातच आहे. मॅग्नम काडतूस लाँग रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, शिरतच नाही. उलट लाँग रायफलचं काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सहज जातं, सैल बसतं आणि उडूही शकतं. या दोन्ही काडतुसांत ठिणगीचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा दाबल्यावर आदळणारी फायरिंग पिन ती कड चेपते. कड चेपायची तर पितळ पातळ हवं. त्या पातळ पितळाला चेंबरच्या भिंतीचा आधार मिळाला नाही, तर ते फुगतं, उभं चिरतं आणि गरम वायू मागे येतो. अशी चिरलेली पुंगळी मी हातात घेऊन पाहिली आहे. चीर तोंडापासून थेट कडेपर्यंत गेली होती. डोळ्यांवर चष्मा नसेल तर काय होईल, हे ती पाहिल्यावर समजावून सांगावं लागत नाही.

लाँग रायफल १८८७ची, मॅग्नम १९५९ची. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी घेतली तर लाँग रायफलचा वेगवान प्रकार सेकंदाला साधारण ३८० मीटरने सुटतो, मॅग्नम ५७०च्या आसपास. ऊर्जा दुपटीहून जास्त. म्हणून मॅग्नम भारी, असं नाही. निशाणेबाजीसाठी माझं मत सरळ लाँग रायफलच्या बाजूने आहे, तेही ध्वनीपेक्षा हळू जाणारं काडतूस, कारण ध्वनीचा वेग वाटेत ओलांडून खाली येणारी गोळी हलते. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं आणि तिथे लाँग रायफलच चालते. कायद्याने परवानगी असेल तिथे सशासारख्या लहान शिकारीसाठीही ५०-६० मीटरच्या आत हीच पुरते. मॅग्नम जवळून मांस नासवते. शंभर मीटरच्या पुढेमागे मात्र मॅग्नमला पर्याय नाही.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक फरक पडतो. या रायफलींचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा, सहसा कुलूपबंद नसतो; त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तो थोपवलेला असतो. लाँग रायफलला हे छान जमतं. मॅग्नमचा धक्का मोठा, त्यामुळे बोल्ट जड लागतो. म्हणून मॅग्नममधल्या सेमी-ऑटो थोड्या आणि जास्त नखरेल. १९६४पासून बनणारी ‘रुगर १०/२२’ ही सेमी-ऑटो लाँग रायफलची, पण तिचं मॅग्नम रूपही काही वर्षं निघालं होतं. दिसायला भावंडंच, त्यामुळे नाव ऐकून काडतूस ठरवू नका.

रायफल हातात आली की आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा. मग नळीवर कोरलेलं वाचा, ‘एलआर’ की ‘मॅग’. चेंबरच्या काठावर पिनचा खड्डा दिसतो का पाहा. रिकामी रायफल सारखी उडवली की तो पडतो आणि पुंगळ्या अडकतात. नळीचं तोंडही नीट तपासा. अशा बऱ्याच रायफलींची नळी मागून साफ करता येत नाही, साफ करायचा गज पुढूनच घालावा लागतो. हजारो शिशाच्या गोळ्यांनी नळी फारशी झिजत नाही, घाईने घातलेला गज मात्र तोंडाची धार घालवतो. आणि नळीवरची अक्षरं घासून गेली असतील, तर बंदूक-कारागिराने चेंबर मोजेपर्यंत एकही काडतूस आत घालू नका.